मुरलेले आणि नुसते जुने

गेल्या डिसेंबरात मडगावचे माझे एक ख्रिस्ती स्नेही इंदूरला आले होते. त्यांची कन्या येथे नांदते. नाताळ आटोपला की ते आठ-दहा दिवस तिच्याकडे काढतात आणि त्यांतील एक संध्याकाळ सुदामा नगरातील माझ्या घरी घालवतात. आमची ओळख वारसाहक्काच्या एका दाव्यातून झाली. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा अद्याप चालत असल्यामुळे मला त्या प्रकरणात पावलोपावली अडखळावे लागत होते. त्यांनी मला इन्व्हेंटारियो शिकवला, मी त्यांना मिताक्षरा समजावून दिली, आणि दावा निकालात निघाल्यावरही आमचा ऋणानुबंध निकालात निघाला नाही.

या खेपेस त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली आणली. काळसर काच, वाळवीने अर्धे खाल्लेले लेबल, त्यावर 'व्हिन्यो दो पोर्तो' एवढीच अक्षरे शाबूत, आणि बुचावरून गळ्यापर्यंत उतरलेली पोर्तुगीज सरकारी हमीची कागदी पट्टी. ही बाटली त्यांच्या वडिलांनी १९५७ साली, म्हणजे या पुत्राच्या जन्मवर्षी, मडगावच्या बाजारात घेतली होती. त्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती व त्यामुळेच गोव्याची बाजारपेठ परदेशी मालाने भरून गेली होती. मुलाच्या लग्नात उघडू, असा वडिलांचा बेत होता. पुढे १९६१ चा डिसेंबर आला, पोर्तुगीज गेले, त्यांच्यामागे त्यांच्या मद्याची आवकही थांबली. लग्नाच्या वेळी वडिलांना बाटली उघडवेना. ते गेल्यावर ती कपाटातच उभी राहिली. भावांच्या वाटणीच्या यादीतही तिचा उल्लेख नव्हता, हे मी स्वतः पाहिले आहे.

"वकीलबाब, तुमी सांगात, बरी काय वायट," असे म्हणून त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली.

मला असल्या मद्यांची थोडीफार गोडी आहे हे त्यांना ठाऊक होते. त्याची शिक्षा मला मिळत होती. परंतु एकट्या पुराव्यावर निवाडा करू नये हा आमच्या धंद्यातील पहिला धडा. मी त्यांच्याकडून आठवड्याची मुदत मागून घेतली आणि तेवढ्यात त्याच जातकुळीच्या पाच बाटल्या गोळा केल्या. त्यांतील दोन त्यांच्याच ओळखीने मिळाल्या. (वकिलाच्या घरी बाटली येते तेव्हा तिच्यामागोमाग परवाना व पावतीही येते, हे उत्पादनशुल्क खात्याच्या माहितीसाठी सांगून ठेवतो.) एक गोव्यात तयार झालेली 'पोर्ट', एक पोर्तुगालची उशिरा बाटलीत भरलेली विंटेज जातीची पोर्ट, एक वीस वर्षांची टॉनी, एक स्पेनमधील जेरेझची ओलोरोसो शेरी आणि एक दहा वर्षांची बोआल माडेरा. साक्षीदार तिघे. स्नेही, मी, आणि पलीकडच्या गल्लीतील एक निवृत्त वैद्यबुवा. वैद्यबुवा पीत नाहीत, पण आयुष्यभर आसव-अरिष्टांचा वास घेतलेल्या त्यांच्या नाकाची साक्ष मी कोणत्याही तज्ज्ञापेक्षा अधिक ग्राह्य मानतो.

ही सारी मद्ये एका गोष्टीने सख्खी आहेत. द्राक्षांचा रस आंबला म्हणजे साधी वाइन होते. तीत वरून द्राक्षांचाच ऊर्ध्वपातित मद्यार्क घातला म्हणजे हा वर्ग जन्मास येतो. पोर्टमध्ये तो रस अर्धवट आंबला असतानाच घालतात. त्या तीव्रतेपुढे किण्व मरून जाते, साखर न आंबता तशीच राहते, आणि मद्यार्काचे प्रमाण शेकडा १९ ते २२ पर्यंत जाते. म्हणून पोर्टची गोडी ही वरून घातलेल्या साखरेची गोडी नव्हे. ती द्राक्षाची शिल्लक आहे. शेरीत उलट क्रम. रस पुरता आंबून कोरडा झाल्यावर मद्यार्क घालतात. वैद्यबुवांना हे ऐकून नवल वाटले. द्राक्षासवात आम्ही बाहेरून काही घालीत नाही, धायटीची फुले टाकतो व जेवढे आतून उपजेल तेवढे, असे ते म्हणाले. जुने मद्य हलके व स्रोतसांचे शोधन करणारे, नवे मद्य जड व दोषकारक, हा चरकाचा अभिप्रायही त्यांनी ऐकवला. चरकाने जे जुने म्हटले ते किती व कशात ठेवून जुने, हाच प्रश्न त्या संध्याकाळी आमच्यापुढे होता.

प्रथम गोव्याची बाटली उघडली. रंग जांभळट लाल व भडक. वास मुरंब्याचा आणि भिजवलेल्या मनुकांचा. त्यात काही वावगे नाही. जिभेवर प्रथम गोडी, मग पुन्हा गोडी, आणि घोट गिळल्यावर उरते तीही गोडीच. तुरटपणा नाही, आंबटपणा अगदी नावापुरता. साहित्यशास्त्राची परिभाषा वापरायची तर वाच्यार्थ आहे, अनुरणन नाही. घंटा वाजली व लगेच कोणी हाताने धरली, असे वाटते. स्नेह्यांना मात्र ती चव थेट बालपणात घेऊन गेली. गोव्याच्या पुष्कळ ख्रिस्ती घरांत नाताळात बेबिंकेबरोबर हीच लाल पोर्ट फिरते; बाळंतिणीला व आजाऱ्याला ती चमच्याने देण्याची चाल, अंड्याच्या बलकात फेटून देण्याची चाल, या सर्वांचा त्यांनी प्रेमाने पाढा वाचला. मी ऐकून घेतले. तिला औषधाचा मान आहे, सणाचा मान आहे, आणि हे मान खोटे नाहीत. परंतु समीक्षकाने विचारायचा प्रश्न निराळा आहे: या बाटलीत काळाने काय केले? उत्तर असे की काळाला या बाटलीत येऊच दिलेले नाही. द्राक्षे घाटावरची, भरणे ताजे, विक्री ताजी. जी वस्तू मुरण्यासाठी प्रसिद्ध तिचे नाव येथे न मुरलेल्या वस्तूला दिले आहे.

नावाचा विषय निघालाच आहे तर थोडे कायद्यात शिरतो. वाचकांनी एवढी सवलत द्यावी. दुरो नदीच्या खोऱ्याची सीमा पोंबालच्या मार्किसाने १७५६ साली आखून दिली, आणि त्या आखणीबाहेरचे ते पोर्ट नव्हे असे ठरले. इंग्लंड हे पोर्टचे मोठे गिऱ्हाईक. त्याने १९१४ च्या व्यापारी तहाने 'पोर्ट' व 'माडेरा' ही नावे आपल्या बाजारातही पोर्तुगालसाठी राखून ठेवली. शेरीला असा तह लाभला नव्हता, म्हणून तिला न्यायालयात जावे लागले. १९६७ साली न्यायमूर्ती क्रॉस यांनी निर्णय दिला की निव्वळ 'शेरी' म्हणजे जेरेझची. परंतु 'ब्रिटिश शेरी' यासारखी जोडनावे स्पेनच्या व्यापाऱ्यांनी इतकी वर्षे मुकाट्याने चालू दिली की आता त्यांना हरकत घेता येणार नाही. झोपलेल्याला कायदा उठवीत नाही, हे तत्त्व आपल्याकडेही २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने 'पीटर स्कॉट' व्हिस्कीच्या प्रकरणात लावले: स्कॉटलंडच्या व्हिस्की-संघाने फार उशीर केला, म्हणून भारतीय नाव टिकले. स्कॉच पिणारा ग्राहक जाणता असतो, असाही त्या निर्णयात एक विचार आहे. पोर्टच्या ग्राहकाविषयी तेवढे विधान करण्यास मी धजणार नाही.

आपला भौगोलिक निर्देशांचा कायदा १९९९ चा. तो २००३ पासून अंमलात आहे. त्याखाली 'पोर्तो' व 'दुरो' ही पोर्तुगालची नावे भारतातही नोंदलेली आहेत, आणि गोव्याने त्याच कायद्याचा आधार घेऊन २००९ साली आपली काजूची फेणी नोंदवून घेतली आहे. 'फेणी' हे नाव दुसऱ्या राज्यातल्या भट्टीने लावले तर गोंयकार चवताळून उठेल आणि ते योग्यच होईल. मग दुरोच्या शेतकऱ्याने चवताळू नये काय? कायद्यातील जुन्या वापराच्या सवलती मला ठाऊक आहेत व अशिलाच्या बाजूने उभा राहिलो तर मी त्या मांडीनही. पण फेणीच्या तोंडून ते ऐकणे बरे वाटत नाही. आणि हा विचार काही साहेबाने आपल्याला शिकवलेला नाही. कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षाच्या मद्याला 'मधु' म्हटले आहे आणि त्याच्या जातींना कापिशायन व हारहूरक ही नावे त्यांच्या त्यांच्या देशांवरूनच पडतात असे सांगितले आहे.

तथापि नावापेक्षा मला जिभेची चिंता अधिक आहे. दोन-तीन पिढ्यांनी 'पोर्ट' म्हणजे लाल साखरपाणी एवढेच जाणले की खरी मुरलेली वस्तू पुढे आली तरी ती ओळखू येत नाही. माझे स्नेही हे त्याचे सज्जन उदाहरण. वीस वर्षांची टॉनी प्रथम त्यांच्यापुढे सरकवली तेव्हा तिचा फिकट रंग पाहून त्यांनी विचारले, "ही पातळ कित्याक?"

ती पातळ नव्हती, वयस्क होती. येथे वयाच्या दोन वाटा नीट ओळखून घेतल्या पाहिजेत, एरवी सगळाच घोटाळा होतो. पोर्ट मुरते ती एक तर काचेत, नाहीतर लाकडात. सर्वोत्तम वर्षाची विंटेज पोर्ट दोन-तीन वर्षांतच पिंपातून काढून बाटलीत बंद करतात, आणि पुढे वीस, तीस, प्रसंगी पन्नास वर्षे ती हवेवाचून आतल्या आत मुरत राहते. तिच्यात पुरेसा तुरटपणा व गर भरलेला असतो म्हणूनच तिला हा तुरुंगवास सोसतो. टॉनीची रीत उलट. पोर्तो शहरासमोर नदीच्या दुसऱ्या काठी व्हिला नोव्हा द गाया येथे व्यापाऱ्यांच्या वखारी आहेत. तेथे साडेपाचशे लिटरांच्या जुन्या पिंपांत ती वर्षानुवर्षे पडून असते. लाकडाच्या रंध्रांतून वारा आत येतो, पाणी व मद्यार्क हळूहळू उडून जातात, तांबडा रंग विरतो. लाकूड तिला रोज थोडा वारा पाजते. काचेतली पोर्ट श्वास कोंडून धरते, लाकडातली संथ श्वास घेत म्हातारी होते.

विंटेज माझ्याकडे नव्हती, तेव्हा पहिल्या वाटेची साक्ष तिच्या धाकट्या बहिणीने दिली. ही पिकाच्या चौथ्या ते सहाव्या वर्षी बाटलीत भरतात. आमची न गाळलेली होती, म्हणून ती आदल्या दिवशी उभी करून ठेवली व ओतताना तळचा साका मागे ठेवला. रंग इतका दाट की पेल्यापलीकडचा दिवा दिसेना. वास पिकल्या जांभळाचा, करवंदाचा, किंचित मिऱ्याचा. गोडी आहे, परंतु तिच्या पाठोपाठ हिरड्यांना आवळणारा तुरटपणा येतो आणि गोडीला शिस्त लावतो. गोव्याच्या बाटलीत ज्याची उणीव भासली ते हेच. मात्र ही अद्याप तरुण आहे. तिचे बोलणे बरोबर असते, पण आवाज मोठा असतो. तिला मोठ्या न्यायालयात उभे राहावयास अजून दहा वर्षे तरी हवीत.

टॉनी पेल्यात विटकरी-पिंगट दिसते व कडेला मधासारखी सोनेरी होते. वैद्यबुवांनी ती हुंगली आणि डोळे मिटले. अक्रोड, ते म्हणाले. मग, सुके अंजीर. मग बऱ्याच वेळाने, संत्र्याची वाळवलेली साल. मला त्यात भाजलेल्या बदामांचा आणि पाक किंचित लागल्यावर येतो तसा वासही आला. तुरटपणा विरघळून गेलेला. गोडी तीच, पण तिचे वजन उतरलेले. घोट गिळल्यावर घंटा वाजत राहिली. मी मनातल्या मनात मोजीत होतो आणि मोजणे मध्येच विसरलो.

या 'वीस वर्षे' आकड्याची एक गंमत कायद्याच्या माणसाला विशेष रुचेल. टॉनी हे निरनिराळ्या वर्षांच्या पिंपांचे मिश्रण असते. त्यावरचा १०, २०, ३० वा ४० चा आकडा जन्मदाखल्यातला नव्हे. १९३३ साली स्थापन झालेल्या पोर्तोच्या मद्यसंस्थेत चाखणाऱ्यांचे एक पंचमंडळ आहे. नमुना त्यांच्यापुढे जातो, आणि हा वीस वर्षांच्या मद्यासारखा लागतो असे त्यांना पटले तरच तो आकडा लावण्याची अनुज्ञा मिळते. म्हणजे वय सिद्ध होते ते स्वभावावरून. (एकाच वर्षाच्या पिंपातल्या टॉनीला 'कोल्येता' म्हणतात, तिला मात्र जन्मवर्ष लिहावे लागते आणि निदान सात वर्षे लाकडात काढावी लागतात.) आपल्या समाजात वय झाले एवढ्यावरच मान देण्याची रीत आहे, पोर्तोच्या पंचांना ती मान्य होणार नाही.

ओलोरोसोने आम्हां तिघांनाही फसवले. रंग गर्द तपकिरी, वास इतका मधुर की वैद्यबुवांनी जुना गूळ व खारीक अशी स्वच्छ साक्ष दिली. आणि जिभेवर? कोरडी ठाक. गोडीचा लवलेश नाही. स्नेह्यांनी तोंड वाकडे केले व बाटलीवरील अक्षरे पुन्हा वाचली. दोष मद्याचा नव्हता. गंधावरून चवीचा निकाल लावण्याची जी घाई आपण करतो तिचा होता. दुसऱ्या घोटाला अक्रोडाची साल, जुन्या शिसवी कपाटाचा वास, किंचित खारटपणा असे एकेक उलगडू लागले. बाजारात ज्या गोड शेऱ्या मिळतात त्या बहुधा पेद्रो हिमेनेझ जातीच्या वाळवलेल्या द्राक्षांचे मद्य मिसळून गोड केलेल्या असतात. मुळातली जुनी ओलोरोसो ही अशी विरक्तच.

शेरीच्या मुरण्याची कथा आपल्या स्वयंपाकघराला परकी वाटू नये. कमी मद्यार्काच्या, पंधरा टक्क्यांच्या सुमाराच्या शेरीवर पिंपात किण्वाचा पांढरा थर धरतो. लोणच्यावर बुरा आला की आपल्याकडे घरात आकांत होतो. जेरेझमध्ये त्याला 'फ्लोर' म्हणजे फूल म्हणतात आणि जीवापाड जपतात, कारण तोच खालच्या मद्याचे हवेपासून रक्षण करतो. त्यातून निघते ती फिकट फिनो. मद्यार्क सतरा टक्क्यांवर नेला की तो थर जगत नाही, हवा लागते, आणि ओलोरोसो तयार होते. दोन्ही मुरतात त्या 'सोलेरा' पद्धतीने: पिंपांच्या रांगांवर रांगा, तळच्या रांगेतून विक्रीसाठी थोडे काढायचे, तेवढेच वरच्या रांगेतून खाली भरायचे, सर्वांत वर नवे ओतायचे. कोणतेही पिंप कधी रिकामे होत नाही. कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधात, हे तर प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पण मला ती रचना पाहून मिताक्षरेचे एकत्र कुटुंब आठवते. जन्माने नवा सहदायाद येतो, मृत्यूने जुना जातो, कोणाचाही वाटा स्थिर नसतो, आणि कुटुंब मात्र मरत नाही. अशा कुटुंबाचे वय काय, असे विचारले तर उत्तर देता येत नाही. जेरेझच्या नियामक मंडळानेही २००० सालापासून फक्त सरासरीनेच वीस व तीस वर्षांच्या शेऱ्यांना दाखले देण्यास आरंभ केला.

स्नेह्यांना हे उदाहरण आवडले नाही. त्यांच्या संहितेत प्रत्येकाचा वाटा जन्मभर निश्चित असतो.

माडेरा मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण तिच्यात आपला थोडा हात आहे, आणि ही हकीकत आपल्याकडे जितकी सांगितली जावयास हवी तितकी सांगितली जात नाही. माडेरा हे अटलांटिकातील पोर्तुगीज बेट पूर्वेकडे निघालेल्या जहाजांच्या वाटेवर होते. जहाजे तेथे मद्याची पिंपे भरून घेत. आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून ती हिंदुस्थानास येत. कोणत्याही शहाण्या मद्यव्यापाऱ्याला विचारा: उष्णता व हेलकावे म्हणजे वाइनचे मरण. पण मद्यार्क घातलेले हे मद्य मरेना. उलट जे पीप न विकले जाता परत गेले ते बेटावरून निघताना होते त्याहून अधिक सुंदर लागले. मग व्यापारी मुद्दामच पिंपे सफरीवर धाडू लागले. परतून आलेल्या मद्याला 'व्हिन्यो दा रोदा', फेरीचे मद्य, असे नाव पडले, आणि इंग्रजांच्या बाजारात 'ईस्ट इंडिया माडेरा' ही विशेष प्रतिष्ठेची खूण झाली. कंपनीच्या अमदानीत हिंदुस्थानातील इंग्रज अंमलदारांचे हे लाडके पेय. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर महूला जी छावणी पडली तिच्या मेजांवरही ते पोहोचले असेल. ज्या उन्हाला ते साहेब शिव्या देत होते त्याच उन्हाने त्यांच्या पेल्यातले मद्य घडवले होते!

पुढे सफरीचा खर्च वाचवण्यासाठी बेटावरच ऊन निर्माण करण्याची युक्ती निघाली. स्वस्त मालाला 'एस्तुफा' म्हणजे भट्टी: मोठ्या टाक्यांत पंचेचाळीस ते पन्नास अंशांवर निदान तीन महिने. उंची मालाला 'कांतेरो': पिंपे माडीवर, छपराखाली, सूर्याच्या स्वाधीन करून वर्षानुवर्षे सोडून द्यायची. कैरी पाकात शिजवून घाईने केलेला मोरांबा आणि गच्चीवर उन्हात ठेवून केलेला साखरांबा यांच्यात जो फरक, तोच येथे. पहिला मुरवलेला, दुसरा मुरलेला.

आमची बोआल ही कांतेरोची. रंग जुन्या पितळेचा. वास जळक्या साखरेचा, धुराचा, संत्र्याच्या सालीचा. गोडी टॉनीइतकीच, परंतु तिच्या पोटातून आमसुलासारखी आंबट धार निघते आणि जीभ धुवून काढते, त्यामुळे दुसरा घोट पहिल्याइतकाच ताजा लागतो. टॉनी हे शांतवलेले वार्धक्य आहे. माडेराला वार्धक्यातही राग येतो. पाचांत माझे मत तिला. वैद्यबुवांनी नाकाने टॉनीला दिले. स्नेह्यांनी बराच विचार करून तरुण पोर्टला दिले, आणि गोव्याच्या बाटलीकडे ओशाळवाणे पाहिले. मला ते पाहणे आवडले नाही. चवीची तुलना म्हणजे घरच्यांचा अपमान नव्हे, हे मी त्यांना म्हणालो खरा. पण तुलनेत तेवढा अपमान असतोच.

आणि मग त्यांच्या वडिलांची बाटली.

बूच पेचाला लागताच भुगा झाले. साठाहून अधिक वर्षे बाटली उभी होती. मद्याचा स्पर्श नसला की बूच सुकते, आक्रसते आणि हवेला वाट देते. पातळी खांद्याखाली उतरली होती. गाळण्यातून ओतले तर पेल्यात चहाच्या निवळीसारखे पिवळट-तपकिरी पाणी. वासात प्रथम सिरका, मग ओले पुठ्ठे, मग दवाखान्यातल्या कपाटासारखे काहीतरी. जिभेवर एक क्षण, खरोखर एकच क्षण, मनुकेची सावली आली व गेली.

लेबलाच्या उरलेल्या तुकड्यावर वर्ष नव्हते, वयाचा आकडा नव्हता. साधी रुबी असावी: मोठ्या टाकीत दोन-तीन वर्षे ठेवून भरलेली, घेतली की प्यावी अशा बेताची. काचेत पन्नास वर्षे तग धरण्याइतका गर तिच्यात नव्हता, लाकडाची संगत तिला मिळाली नव्हती, आणि मडगावच्या उन्हाने तिला माडेरा केले नाही, कारण बाटलीतल्या रुबीजवळ त्या उन्हाला तोंड देणारा आंबटपणाच नव्हता. १९५८ च्या नाताळात ती उघडली असती तर चांगली निघाली असती. मुलाच्या लग्नापर्यंत ठेवण्याचा बेत विंटेजच्या बाटलीला शोभला असता. वडिलांनी प्रेम केले ते बरोबर, बाटली निवडली ती चूक.

हे स्नेह्यांना सांगावयाचे की नाही? ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. वैद्यबुवा पेला खाली ठेवून खिडकीबाहेर पाहू लागले; त्यांनी आपली साक्ष राखून ठेवली. वकील म्हणून मला दहा वाक्ये सुचली, त्यांतील एकही खोटे नव्हते: अशी बाटली आता मिळायची नाही, तिच्यात इतिहास आहे, चवीपेक्षा भावना मोठी. पण त्यांनी मला भावनेविषयी विचारले नव्हते. बरी की वाईट, एवढेच विचारले होते, आणि नुकत्याच आम्ही पाच बाटल्यांवर निःशंकपणे निकाल दिले होते. सहाव्या बाटलीला निराळा कायदा लावला असता तर पहिले पाच निकालही रद्द झाले असते. मी सांगितले की ही गेली आहे, आणि फार वर्षांपूर्वीच गेली असावी.

त्यांनी पेला उचलून पुन्हा हुंगला. एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला आणि गिळला. "पिवपाची न्हय, दवरपाची आशिल्ली ती," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने मराठीत, माझ्यासाठी: "बाबांना पोर्टमधले काही कळत नव्हते. ते सोडा पीत."

यावर आम्ही तिघेही हसलो. रिकामी बाटली त्यांनी टॉवेलात परत गुंडाळून नेली.

उरलेल्या मद्यांचे पुढे काय झाले तेही नोंदवतो, कारण तोही पुराव्याचाच भाग आहे. तरुण पोर्ट चार दिवसांत कोमेजली. टॉनीने महिनाभर बऱ्यापैकी तग धरला. ओलोरोसो फेब्रुवारीत संपली. गोव्याची बाटली वैद्यबुवांच्या सूनबाईंनी फळांच्या केकसाठी मागून नेली व केक उत्तम झाला. बोआलची बाटली अर्धी उरली होती. ती बैठकीच्या कपाटात, पश्चिमेच्या भिंतीला, नुसते बूच दाबून ठेवलेली आहे. इंदूरचा मे महिना त्या भिंतीवर कसा तापतो हे या वस्तीत राहणाऱ्यांना सांगावयास नको. परवा रात्री बोटभर ओतून पाहिली. डिसेंबरात होती तशीच आहे.